तिसऱ्यांदा विचारल्यावर

आयर्न क्रीकमध्ये कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा "नको" म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की "उगाच तुम्हाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, अगदी अर्धा कप" म्हणून भरलेला कप हातात घ्यायचा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. खाणीत काम करायला आलेल्या कॉर्निश लोकांनी ही रीत आणली की त्यांच्या मागून आलेल्या फिनिश लोकांनी, यावर गावात अजून वाद होतो. पण दोघांच्याही घरात पहिल्या फटक्यात "हो" म्हणणारा माणूस हावरट ठरतो, एवढं खरं. ताटलीतला शेवटचा तुकडाही इथे कुणी उचलत नाही. जो येतो तो त्याचा अर्धा करतो, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि अखेर जो चुरा उरतो तो भांडी घासणारीच्या वाट्याला येतो.

सेंट पिरन चर्चमध्ये भांडी घासणारी म्हणजे आर्डिस ट्रेव्हॅरो. असले चुरे तिने जन्मभर खाल्ले होते.

भांडी हे आपलं सांगायला एक. वेदीवरची वस्त्रं धुऊन त्यांना इस्त्री करायची ती आर्डिसने. पितळ घासायचं तिनेच, प्रभुभोजनाचे प्याले पुसून ठेवायचे तिनेच, रविवारी उपासनेनंतरची कॉफी तिची, आणि कुणी गेलं तर दफनानंतरची सँडविचंही तिचीच. टपाल कचेरीतली नोकरी संपली, नवरा गेला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी हे सुटलं नाही. "देवाने आर्डिस दिली म्हणून आपलं चाललंय," असं सगळे म्हणायचे आणि कोट चढवून घरी जायचे. आर्डिस मागे राहून टेबलं पुसायची. पहिल्या वीसेक वर्षांत तिला त्या वाक्याने बरं वाटत असे. आता ते ऐकलं की तिला नुसती झोप यायची.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं करत होती, तर आणखी काय हवं होतं बाईला? तर तिला वॉर्डन व्हायचं होतं.

सेंट पिरनसारख्या एपिस्कोपल पंथाच्या मंडळीत पाद्री येतात आणि जातात. मंडळी सांभाळतो तो वॉर्डन, लोकांनी लोकांतूनच निवडलेला. बिशप आले की त्यांच्यासमोर बसून बोलतो तो वॉर्डन, नवा पाद्री कोण हवा हे ठरवताना सगळे ज्याच्या तोंडाकडे बघतात तोही वॉर्डनच. सेंट पिरनमध्ये पहिल्या बाकाच्या कडेला एका कडीत त्याची काठी उभी असते. काळ्या लाकडाची, वर पितळी टोपी, टोपीवर छोटा क्रूस. सणाच्या दिवशी ती हातात धरून वॉर्डन पाद्र्याच्या पुढे चालतो. आर्डिसच्या आजोबांनी ती काठी धरली होती, वडिलांनी धरली होती, धाकट्या भावानेही धरली होती, आणि भाऊ असा की त्याला स्तोत्रसंहितेचं पान सापडायचं नाही. काठीची पितळी टोपी मात्र दर शनिवारी घासायची आर्डिसने. एकदाच, चर्चमध्ये कुणी नसताना, तिने ती कडीतून काढली होती आणि मधल्या वाटेने तीन बाकं चालून गेली होती. मग दाराचा आवाज झाला, आणि बघितलं तर नुसता वारा. तिने काठी जागच्या जागी ठेवली आणि घासत बसली. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आता वॉर्डनपद मागायचं नसतं. तेही आपलं कॉफीसारखंच. नावं सुचवणाऱ्यांचा फोन येतो, तेव्हा म्हणायचं, माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी असेलच की. दुसऱ्या दिवशी परत फोन येतो, तेव्हा म्हणायचं, प्रार्थना करून सांगतो. तिसऱ्या वेळेला ते घरी येतात, आणि मग मान खाली घालून हो म्हणायचं. वडिलांच्या वेळचं आर्डिसला लख्ख आठवत होतं. वडील फोनवर "छे, मी कसला" म्हणत होते आणि आई त्याआधीच केशराचा पाव भट्टीत घालून बसली होती, येणाऱ्यांना द्यायला.

क्लिफर्ड पेनहेल बरीच वर्षं वॉर्डन होता. या हिवाळ्यात बर्फाला कंटाळून तो मुलीकडे ॲरिझोनाला निघाला, आणि आता कोण, असा प्रश्न आला. कुणी उघड बोललं नाही. आयर्न क्रीकमध्ये उघड कोण बोलतं? पण कॉफीच्या टेबलापाशी लोक आर्डिसकडे जरा जास्त वेळ बघायला लागले. आर्डिसने मनात मांडे खाल्ले, नाही असं नाही. नाताळाच्या आधीच्या एका मंगळवारी तिने केशर भिजत घातलं.

बुधवारी फोन आला. फोन मदर शॉनाचा होता. मदर शॉना म्हणजे गेल्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाहून आलेल्या पाद्री. वय पस्तीस, केस आखूड, मन स्वच्छ. आजाऱ्याच्या उशाशी तासन् तास बसणारी बाई, त्यांच्याबद्दल वावगं बोलायला तोंड उघडणार नाही कुणाचं. पण त्या ज्या गावच्या, तिथे लोक मनात येईल ते बोलतात आणि ऐकणारे तेच खरं मानतात.

"आर्डिस, वॉर्डनच्या जागेसाठी माझ्या मनात तुमचं नाव आहे," त्या म्हणाल्या.

आर्डिसच्या हातात इस्त्री होती. ती तिने उभी करून ठेवली, घसा साफ केला आणि पहिल्या फोनला म्हणायचं असतं तेच म्हणाली, "अहो, माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी असेलच की."

मदर शॉना अगदी मनापासून बोलल्या, "इतकं स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं. आपल्यासारख्या बायकांना 'नाही' म्हणणं किती जड जातं, मला ठाऊक आहे. तुमच्या 'नाही'चा मी मान राखीन. यापुढे हा विषय मी काढणारसुद्धा नाही."

आणि खरंच काढला नाही. काय करणार, दिलेला शब्द पाळणारी बाई!

गुरुवारी आर्डिस फोनजवळच बसून होती. शुक्रवारीही. शनिवारी पितळ घासायला गेली ती दोन वेळा घरी येऊन फोनवर निरोप आहे का बघून गेली. केशराचा पाव डब्यात वाळत होता. शेवटी तिने तो नाताळाच्या कॉफीला नेला, आणि गॉर्डन व्हँडरमीरने त्याचे दोन मोठे तुकडे एकामागून एक खाल्ले, कुणी विचारायच्या आत.

या गॉर्डनचंही सांगायला हवं. ग्रँड रॅपिड्सहून आलेला निवृत्त माणूस. विम्याच्या कंपनीत साहेब होता, तीन वर्षांपूर्वी तळ्याकाठी घर बांधून इथे राहायला आला. उंच, गुबगुबीत, मोठ्याने हसणारा. दारात बर्फ साचलं की फावडं घेऊन शेजाऱ्याचंही काढून टाकणारा. त्याच्यात वाईट काही नव्हतं. फक्त त्याला काहीही विचारलं की तो पहिल्यांदाच "हो" म्हणायचा, आणि ते ऐकून गावातल्या बायकांना कानकोंडं व्हायचं.

वॉर्डनपदाचंही त्याने तेच केलं. ही बातमी लेम्पी कॅलिओने आणली. लेम्पी आर्डिसची शाळेपासूनची मैत्रीण, जिभेला हाड नसलेली. आर्डिसच्या स्वयंपाकघरात शिरून, बुटांवरचं बर्फ झटकत तिने सांगितलं, की मदर शॉनांनी गॉर्डनला विचारलं आणि तो म्हणाला, आनंदाने! नुसतं आनंदाने नाही, तर म्हणे, मला वाटतच होतं तुम्ही कधी विचाराल म्हणून.

"मला वाटतच होतं!" लेम्पीने पुन्हा म्हणून दाखवलं. "लाज नाही, शरम नाही. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ते हे असं. अगं, फोन उचल आणि सांग त्या बाईला, मला हवंय म्हणून."

आर्डिस म्हणाली, असं कसं सांगायचं. लेम्पी म्हणाली, तोंडाने. आर्डिसने कॉफी ओतली आणि विषय बदलला.

तिने प्रयत्नच केला नाही, असं नाही. जानेवारीच्या एका रविवारी उपासनेआधी मदर शॉना आणि ती मागच्या खोलीत दोघीच होत्या. मदर शॉना पवित्र भाकरीच्या चकत्या मोजून ताटलीत ठेवत होत्या. आर्डिस शेजारी उभी होती, आणि वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. मला तसं म्हणायचं नव्हतं. एवढंच वाक्य. तिने श्वास घेतला आणि म्हणाली, मेणबत्त्या संपत आल्यात, मागवायला हव्यात. मदर शॉना म्हणाल्या, आर्डिस, तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं. आर्डिसला इतका थकवा आला की ती उपासनाभर बसूनच राहिली, उभं राहायच्या गीतांनाही. लोकांना वाटलं, गुडघे.

त्या दुपारी लेम्पीने दुसरा मार्ग काढला. वार्षिक सभेत नाव वाचून झालं की विचारतात, सभेतून आणखी कुणाचं नाव आहे का. नियमात तशी सोय आहे. आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही, पण सोय आहे. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. नाव सुचवणार कोण? लेम्पी सुचवू शकत नव्हती. चाळीस वर्षं ती नवऱ्याबरोबर सेंट पिरनमध्ये येत होती, इथेच बसत होती, इथेच खात होती, पण तिचं नाव अजून टेकडीवरच्या लुथरन चर्चमध्येच होतं, कारण नाव काढलं तर आईशेजारची दफनाची जागा जाईल अशी तिला भीती. त्यामुळे तिला सभेत ना नाव सुचवता येत होतं, ना मत देता येत होतं. आणि दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हणजे पुन्हा मागणंच आलं.

"मग तूच सुचव तुझं," लेम्पी म्हणाली.

आर्डिसने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने चर्चमध्ये पोहायच्या कपड्यांत यायला सांगितलं होतं.

वार्षिक सभा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी असते. बाहेर अशी थंडी की गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून त्या विजेच्या तारांना जोडून ठेवलेल्या. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, त्यांवर भाजलेल्या बटाट्यांची आणि शेवयांची पातेली, बटाटा-मांस भरलेल्या पास्ट्या, थरथरणारी हिरवी जेली, लिंबाच्या वड्या. ही सगळी मांडामांड आर्डिसची. सकाळी अंधार असतानाच येऊन तिने कॉफीचं मोठं भांडं लावलं होतं. जेवणं झाली, मदर शॉनांनी प्रार्थना केली आणि सभा सुरू झाली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, ज्या खिडकीतून ताटं बाहेर देतात तिथे, ॲप्रन घालून उभी होती. पाय भरून आले होते. लेम्पी तिच्या मागे भांडी विसळत होती, आणि मुद्दाम आवाज करत होती.

छपराचा अहवाल झाला, इमारत गरम ठेवणाऱ्या भट्टीचा अहवाल झाला. मग मदर शॉनांनी सांगितलं, की वॉर्डन म्हणून गॉर्डन व्हँडरमीर यांचं नाव आलेलं आहे. गॉर्डनने हात हलवला. सभेतून आणखी कुणाचं नाव आहे का, असं विचारून त्या थांबल्या. दरवर्षी इथे कुणीतरी खोकतो आणि सभा पुढे जाते.

या वर्षीही कुणीतरी खोकलं. आर्डिस त्या खिडकीतून समोर बघत होती. समोर तिच्या ओळखीची डोकी. यातल्या निम्म्यांच्या आईबापांच्या दफनाला तिने पाव कापले होते. एकही डोकं मागे वळलं नाही. कुणी वाईट नव्हतं त्यात, हे तिला ठाऊक होतं. प्रत्येक जण दुसरा कुणी बोलेल म्हणून थांबला होता, आणि तिने नाही म्हटलंय हेही आता सगळ्यांच्या कानी गेलं होतं. तिला एकाएकी त्या सगळ्यांचा, स्वतःचा, त्या ॲप्रनचा, त्या थांबण्याचा असा काही कंटाळा आला की भीतीला जागाच उरली नाही.

"मी सुचवते," ती म्हणाली.

डोकी वळली. मदर शॉनांनी विचारलं, कुणाचं नाव.

"माझं. मला वॉर्डन व्हायचंय." आवाज फाटला, म्हणून तिने परत म्हटलं. "मला ते हवंय. खूप वर्षं हवंय."

हॉलमध्ये कुणी जेलीचा चमचाही हलवला नाही. नाव सुचवल्यावर कुणीतरी अनुमोदन द्यावं लागतं. ते कुणी देईना. आता इथल्या माणसाला यातलं कळेल, बाहेरच्याला नाही कळणार. तिच्याविरुद्ध कुणीच नव्हतं. पण एखादी बाई भर सभेत अशी उघडी पडली की तिच्याकडे न बघणं हीच इथली माया. म्हणून सगळे आपापल्या ताटात बघत बसले, आणि आर्डिस खिडकीत तशीच उभी. मागे लेम्पीने भांडी आपटणं थांबवलं होतं.

"मी देतो अनुमोदन," गॉर्डन व्हँडरमीर म्हणाला. मोठ्याने, हसत, हात वर करून. "छान! निवडणूक म्हटली की दोन नावं हवीतच."

त्याला काही वावगं वाटलंच नाही. मदर शॉनांचा चेहरा गोंधळून गेला होता, पण त्या सावरल्या, कागदाचे चौकोनी तुकडे आणि बाकांवर गीतपुस्तकांजवळ असतात त्या बोटभर पेन्सिली वाटल्या गेल्या. आर्डिसलाही खिडकीतून एक तुकडा मिळाला. तिने तो ओल्या ओट्यावर ठेवला, पुन्हा उचलला, ओटा पुसला, मग ठेवला. बाहेर गॉर्डन शेजारच्या बाईला पेन्सिलीचं टोक काढून देत होता. आर्डिसने लिहिलं, घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि तुकडा दानाच्या ताटलीत टाकला.

मोजायला दोन जण वर गेले. ते खाली आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होतं. गॉर्डनला सतरा, आर्डिसला सोळा.

टाळ्या वाजल्या. मग परत वाजल्या, यावेळी आर्डिससाठी, आणि जरा जास्त वेळ. लोक खिडकीपाशी येऊन ताटं देताना तिच्या हातावर हात ठेवत होते. एक म्हातारा म्हणाला, तुझा बाप असता तर. ताट ठेवून तो निघून गेला. एक बाई म्हणाली, अगं, आम्हाला माहीतच नव्हतं. आर्डिस सगळ्यांना म्हणत होती, काही नाही, काही नाही, आणि ताटं घेत होती. सोळा म्हणजे कमी नव्हेत. तिला कुठेतरी बरंही वाटत होतं.

तेवढ्यात हॉलमधून लेम्पीचा आवाज आला. ती कधी बाहेर गेली, आर्डिसला कळलंच नव्हतं. हातात ओलं फडकं घेऊन ती मदर शॉनांसमोर उभी होती, आणि सगळं सांगत होती. की बाई, इथे पहिल्या "नाही"ला "नाही" म्हणत नाहीत. की इथे तीनदा विचारायचं असतं. की बिचारी तुमच्या दुसऱ्या फोनची वाट बघत पाव भाजून बसली होती. मदर शॉनांचे कान लाल झाले. गॉर्डन बाजूलाच होता, तोही तोंड उघडं ठेवून ऐकत होता. तीन वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

मग दोघं स्वयंपाकघरात आले. मदर शॉनांनी आर्डिसचे ओले हात धरले आणि म्हणाल्या, मी परत विचारायला हवं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आर्डिस म्हणाली, तुम्हाला कसं ठाऊक असणार. तिला ते मनापासून वाटत होतं. आपण तोंडाने नाही म्हणायचं आणि दुसऱ्याने पोटातलं ओळखायचं, हा अन्यायच होता म्हणा.

गॉर्डन पुढे आला. इमारतीचं बघायला एक धाकटा वॉर्डन असतो. भट्टी, छप्पर, बर्फ. ती जागाही रिकामी होती.

"आर्डिस, तुम्ही धाकट्या वॉर्डन व्हा. माझ्याबरोबर काम करा."

"नको, गॉर्डन."

गॉर्डनने मान हलवली, समजल्यासारखी. त्याने एक श्वास घेतला.

"आर्डिस, धाकट्या वॉर्डन होता का?"

"नाही. खरंच नको."

त्याचा चेहरा उजळला. आता तिसरी वेळ, हे त्याला कळलं होतं, आणि तो अगदी काळजीपूर्वक, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आर्डिस, कृपा करून, धाकट्या वॉर्डन व्हाल का?"

त्या भल्या माणसाकडे बघून आर्डिसला हसावं की रडावं कळेना. धडा त्याने चांगलाच घोकला होता, फक्त महिनाभर उशिरा. आणि तिला दिसलं ते पुढचं सगळं: भट्टीवाल्याला फोन, छपराखाली बादली, पहाटेचं बर्फ, आणि सणाच्या दिवशी गॉर्डनच्या हातात तिने घासलेली काठी.

"नाही," ती म्हणाली. "दमले मी. हे 'नाही' म्हणजे नाहीच."

गॉर्डनने लेम्पीकडे बघितलं, तिसऱ्यानंतर काय करायचं असतं हे विचारायला. लेम्पीने खांदे उडवले. तिलाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा नाही म्हणणारं माणूस तिनेही पाहिलं नव्हतं. मग तो म्हणाला, ठीक आहे, आणि मदर शॉनांबरोबर बाहेर जाऊन खुर्च्या उचलायला लागला. आर्डिसने ॲप्रन सोडून खुंटीला टांगला. कॉफीचं मोठं भांडं अजून घासायचं होतं. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि स्टुलावर बसली.

लेम्पी धुमसत होती. एका मताने! कोण असेल तो एक? तिने सगळ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. तो जुवेल असेल, मागच्या वर्षी पास्टीत मीठ कमी म्हणाला होता. नाहीतर ती पेनहेलची सून. नाहीतर, आणि इथे लेम्पीचा आवाज पडला, मी आईच्या त्या जागेपायी नाव तिकडे ठेवलं नसतं तर.

"तुझं काही नाही त्यात," आर्डिस म्हणाली. "मी होते."

"काय तू होतीस?"

"तो एक. मी गॉर्डनचं नाव लिहिलं."

लेम्पीच्या हातातलं फडकं खाली आलं. बाहेर खुर्च्या एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, अगं, पण तू उभी राहिलीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, मला हवंय.

"म्हणाले ना. पण मग कागद आला. त्याने मला अनुमोदन दिलं होतं, लेम्पी. आणि आपलं आपण कसं लिहायचं गं? कुणी बघत नव्हतं, तरी हात वळलाच नाही." आर्डिसने आपले हात मांडीवर पालथे ठेवून बघितले. "एकदा तोंडाने मागून झालं होतं, वर आणि कागदावर काय मागायचं."

लेम्पीने कॉफीच्या भांड्याची तोटी उघडून बघितली. तळाला थोडी कॉफी उरली होती, काळी आणि कडू. ताटलीत लिंबाची वडी होती एक. शेवटची, आणि चक्क अख्खी. आजच्या गडबडीत तिचा अर्धा करायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

"कॉफी घेतेस?" तिने विचारलं. दुसरं काय विचारावं तिला समजेना.

"हो," आर्डिस म्हणाली.

लेम्पी दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडून बसली होती, ते तिने मिटलं. तिने कप भरून दिला. आर्डिसने तो दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला, मग ताटली पुढे ओढली आणि ती वडी उचलली. अर्धी केली नाही. कडेपासून सुरुवात करून, सावकाश, चुरा सांडू न देता तिने ती सगळी खाल्ली, आणि खाता खाता ती रडत होती.